सव्हॅनात दोघांचे अडीच दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अटलांटा, शार्लट, जॅक्सनव्हिल या भागात राहणाऱ्या मराठी जोडप्यांचा लाँग वीकेंड बहुतेक वेळा स्मोकी माउंटन्स नाहीतर ऑरलँडोतच खर्ची पडतो. दोघांनाच जायचं असेल, जुनं गाव आणि समुद्र दोन्ही हवं असेल आणि रजा एकाच दिवसाची टाकता येत असेल, तर जॉर्जिया राज्यातल्या सव्हॅनाचा विचार करा. अमेरिकेत पायी हिंडायला खरोखर मजा येते अशी शहरं फार नाहीत. हे त्यातलं एक.

माझं म्हणणं एवढंच की इथं दोन गोष्टी पाळा. एक, गाडी एकदा लावली की शहराबाहेर जायचं असेल तेव्हाच तिला हात लावा. दोन, इथली देखणी घरं कापसाच्या पैशातून उभी राहिली आणि तो कापूस गुलामांनी वेचला, हा भाग 'आपण तर फिरायला आलोय' म्हणून टाळू नका. तो कळला की चौकातले पुतळे, नदीकाठची गोदामं आणि तिसऱ्या दिवशीचा किल्ला एकाच गोष्टीतले तुकडे आहेत हे लक्षात येतं. त्या गोष्टीचा एक धागा तर थेट मुंबईपर्यंत येतो.

आधी तारीख ठरवा

मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिलची सुरुवात सगळ्यात सुंदर. अझेलियाची झुडपं फुललेली असतात. पण १७ मार्च आणि त्याच्या आगेमागेचे दिवस कटाक्षाने टाळा. सेंट पॅट्रिक्स डेची इथली मिरवणूक देशातल्या सर्वांत मोठ्या मिरवणुकींपैकी आहे. हॉटेलांचे भाव चढतात, रस्ते बंद होतात आणि निवांतपणाचं नाव राहत नाही. गर्दी-गोंधळ आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

ऑक्टोबर-नोव्हेंबर ही माझी पहिली पसंती. हवा सुखद, ऊन मवाळ, गर्दी बेताची. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, पण खरा त्रास दमटपणाचा. मे महिन्यात रत्नागिरीला राहून आलेल्यांना वेगळं सांगायला नको. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, म्हणून त्या काळात रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. डिसेंबर-जानेवारीत समुद्रात उतरता येणार नाही, पण चालायला तेव्हाही छान वाटतं आणि खोल्या स्वस्त असतात.

वसंतात आणि शरदात इथं डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक चावरे कीटक असतात. इथले लोक त्यांना 'सँड नॅट्स' म्हणतात. किटकांचा स्प्रे घरूनच न्या.

जायचं कसं

अटलांटाहून सुमारे २५० मैल, म्हणजे चार तासांची ड्राइव्ह. आय-७५ ने मेकनपर्यंत आणि तिथून आय-१६ ने थेट सव्हॅना. मेकननंतरचा रस्ता सरळसोट आणि कंटाळवाणा, दोन्हीकडे पाइनची झाडं. पेट्रोल पंपही अंतराअंतरावर आहेत, तेव्हा टाकी मेकनलाच भरून घ्या. तिथंच ओकमल्गी माउंड्स हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. सुमारे १००० वर्षांपूर्वी इथल्या मूळ रहिवाशांनी रचलेले मातीचे प्रचंड उंचवटे बघायला मिळतात. प्रवेश मोफत, पाय मोकळे करायला तासभर पुरे.

शार्लटहूनही साधारण तेवढाच वेळ लागतो. जॅक्सनव्हिलहून दोन तासांच्या थोडं वर. न्यूयॉर्क, वॉशिंग्टनकडून येणाऱ्यांसाठी विमान आहे आणि ॲमट्रॅकची रेल्वेही इथं थांबते. विमानाने आलात तर पहिले दोन दिवस गाडी भाड्याने घेऊच नका, फक्त शेवटच्या दिवसापुरती घ्या.

नुकतेच अमेरिकेत आलेल्यांसाठी: जॉर्जियात गाडी चालवताना फोन हातात धरणं २०१८ पासून कायद्याने बंद आहे. नकाशा लावायचा असेल तर फोन स्टँडला लावा किंवा शेजारी बसलेल्यावर सोपवा. चौकांभोवतीची वाहतूक एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट फिरते.

मुक्काम: इथं पैसे वाचवू नका

आय-९५ जवळच्या पूलर भागात साखळी हॉटेलं बरीच स्वस्त मिळतात. चार मित्रांच्या कुटुंबांनी मिळून जायचं असेल तर ठीक. दोघांनी जायचं असेल तर जुन्या शहरातच राहा, जेवणात हवं तर काटकसर करा. हद्द सोपी आहे: उत्तरेला नदी, दक्षिणेला फोर्साइथ पार्क, पश्चिमेला मार्टिन ल्यूथर किंग बुलेव्हार्ड आणि पूर्वेला ईस्ट ब्रॉड स्ट्रीट. या चौकोनात कुठंही उतरलात तरी सगळं चालण्याच्या अंतरावर.

जुन्या वाड्यांचे इन झाले आहेत. उंच छत, चार खांबी पलंग, सकाळी घरगुती नाश्ता, असा थाट. बुक करताना तीन प्रश्न विचारा. लिफ्ट आहे का? बऱ्याच घरांना नसते आणि दारापर्यंतच पायऱ्यांचा जिना असतो. पार्किंगचे वेगळे पैसे किती? आणि कर धरून एकूण आकडा किती? संकेतस्थळावर आधी दिसणारा भाव आणि शेवटचं बिल यात बराच फरक पडतो. शुक्रवार-शनिवारऐवजी रविवार-सोमवारच्या रात्री घेता आल्या तर तीच खोली पुष्कळ कमीत पडते.

शुक्रवार: पोचलात की नदीकडे

दुपारी पोचा, गाडी लावा. हॉटेलात जागा नसेल तर शहराची सार्वजनिक पार्किंग गॅरेजेस आहेत, एलिस स्क्वेअरच्या खालीच एक आहे.

ऊन कलल्यावर बे स्ट्रीटवर सिटी हॉलच्या सोनेरी घुमटापाशी या. शहर उंच कड्यावर आहे आणि नदी बरीच खाली. मधल्या उतारावर कापसाच्या अडत्यांच्या जुन्या इमारती आणि लोखंडी पूल आहेत, त्यांना 'फॅक्टर्स वॉक' म्हणतात. अडते वरच्या पुलांवर उभे राहून खालून जाणारा माल बघत. खाली उतरायचे दगडी जिने उभे आणि उंच पायऱ्यांचे आहेत. रिव्हर स्ट्रीटवरची फरसबंदी जहाजांतून वजनासाठी आणलेल्या दगडांची आहे, ती आणखी खडबडीत. उंच टाचांच्या चपला खोलीवरच ठेवा.

रिव्हर स्ट्रीटवरची दुकानं एकदा बघण्यापुरतीच: टी-शर्ट, शोभेच्या वस्तू, आणि प्रालीन नावाची पेकन घातलेली गोड वडी. तिचा नमुना चाखायला देतात, घ्या. पण इथं यायचं ते जहाजांसाठी. सव्हॅना हे अमेरिकेतल्या सर्वांत गजबजलेल्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे आणि ते नदीत आणखी वर आहे. त्यामुळं कित्येक मजली उंचीची जहाजं अगदी काठाजवळून, जेवायला बसलेल्या लोकांच्या समोरून जातात. त्यांच्या वेळा दाखवणारी ॲप आहेत. ती बघून बाक धरलात तर सूर्यास्त आणि जहाज दोन्ही एकदम मिळतात.

मग नदीवरची फेरी बोट घ्या. सव्हॅना बेल्स ही सार्वजनिक सेवा आहे, पूर्णपणे मोफत. पलीकडच्या हचिन्सन बेटावर जाऊन परत या. पैसे मोजून घेतलेल्या डिनर क्रूझपेक्षा मला ही बोट जास्त आवडते.

जुन्या शहराच्या ठराविक हद्दीत १६ औंसांपर्यंतच्या प्लॅस्टिकच्या ग्लासातून मद्य रस्त्यावर नेता येतं. काच किंवा कॅन चालत नाही. वय २१ पूर्ण हवं आणि ओळखपत्र जवळ हवं.

शनिवार: चौकाचौकांतून

या दिवसाला घाई नको. जेम्स ओगलथॉर्प या इंग्रज अधिकाऱ्याने १७३३ मध्ये हे शहर वसवलं, तेव्हाच नकाशा आखला: मध्ये मोकळा चौक, दोन बाजूंना सार्वजनिक इमारतींच्या जागा, उरलेल्या दोन बाजूंना घरं. शहर वाढलं तसा हाच नमुना पुन्हा पुन्हा वापरला गेला. एकूण २४ चौक झाले, त्यांतले २२ आज आहेत. सगळे बघायचा हट्ट धरू नका. बुल स्ट्रीटने नदीकडून सरळ दक्षिणेला चालत सुटा. पाच चौक लागतात आणि शेवटी फोर्साइथ पार्क. अंतर जेमतेम १ मैल, पण अर्धा दिवस सहज जातो.

पहिला जॉन्सन स्क्वेअर. मधल्या स्तंभाखाली अमेरिकन क्रांतीतले सेनापती नथॅनिएल ग्रीन यांचं दफन आहे. जॉर्जियाने त्यांना सव्हॅनाजवळचा मलबेरी ग्रोव्ह हा मळा दिला होता. ते गेल्यावर त्यांच्या पत्नी कॅथरीन यांच्याकडे या मळ्यावर एली व्हिटनी नावाचा तरुण राहिला आणि १७९३ मध्ये त्याने तिथंच सरकी काढायचं यंत्र बनवलं. वऱ्हाड-खानदेशातल्या माणसाला 'जिन' काय ते सांगावं लागत नाही. सरकी झटपट निघू लागली, कापूस प्रचंड फायद्याचा झाला आणि तो वेचायला आणखी गुलाम हवे झाले. गंमत अशी की जॉर्जिया वसाहतीत सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती. ती १७५१ मध्ये उठली.

दुसरा राइट स्क्वेअर. ओगलथॉर्पला इथं वसायला जागा देणारा इथल्या मूळ रहिवासी यामाक्रॉ लोकांचा प्रमुख टोमोचिची १७३९ मध्ये वारला, त्याला मोठ्या सन्मानाने या चौकात पुरलं. पुढं १८८० च्या दशकात त्याच जागी एका रेल्वे कंपनीच्या संस्थापकाचं भव्य स्मारक उभं राहिलं. टोमोचिचीसाठी नंतर बाजूला ग्रॅनाइटचा एक मोठा धोंडा ठेवला. दोन्ही एका नजरेत दिसतात. मार्गदर्शकाची गरज नाही.

चिपेवा स्क्वेअरमध्ये ओगलथॉर्पचा पुतळा दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे, कारण त्या वेळी शत्रू तिकडे होता, स्पॅनिश फ्लोरिडात. पुढं मॅडिसन स्क्वेअरला ग्रीन-मेल्ड्रिम हाउस. कापसाच्या एका इंग्रज व्यापाऱ्याच्या या घरात डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तर विरुद्ध दक्षिण अशा अमेरिकन यादवी युद्धात, उत्तरेचे सेनापती शर्मन उतरले. त्यांनी लिंकनना तार करून सव्हॅना शहर नाताळची भेट म्हणून देऊ केलं, सोबत तोफा आणि कापसाच्या सुमारे २५,००० गाठी. शहर न जाळता हाती आलं होतं, म्हणूनच आज बघायला शिल्लक आहे. मॉन्टेरे स्क्वेअरवर मिकव्हे इस्राएल हे गॉथिक शैलीतलं ज्यू प्रार्थनामंदिर आहे. ही मंडळी शहर वसलं त्याच वर्षी, १७३३ मध्ये इथं आली.

फोर्साइथ पार्कचं १८५८ चं पांढरं कारंजं म्हणजे इथला ठरलेला फोटो. साडी-कुर्त्यात छान फोटो हवे असतील तर सकाळी आठच्या आत या. नंतर नवरा-नवरींच्या जोड्या रांगेत असतात. ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी 'स्पॅनिश मॉस' वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेवाळ नाहीच, अननसाच्या कुळातलं आहे. जमिनीवर पडलेलं उचलून केसांत माळू नका, त्यात किडे असतात.

परतताना जोन्स स्ट्रीटवरून या, विटांचा हा रस्ता शहरातला सर्वांत देखणा. लाफायेत स्क्वेअरवरचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट कॅथेड्रल आतून बघा, मास, म्हणजे प्रार्थना, चालू असेल तर थांबा. मग ॲबरकॉर्न स्ट्रीटने उत्तरेला ओगलथॉर्प स्क्वेअरवरच्या ओवेन्स-थॉमस हाउसकडे. वेळ धरून मार्गदर्शकासोबत फिरावं लागतं, म्हणून तिकीट आधी काढा.

शहरात एकच घर आतून बघणार असाल तर हेच. विल्यम जे (Jay) या वास्तुविशारदाने बांधलेला, १८१९ मध्ये पूर्ण झालेला वाडा. आत नळाचं पाणी आहे आणि वरच्या मजल्यावर घराच्या दोन भागांना जोडणारा चक्क एक पूल आहे. पण मालकांच्या दिवाणखान्याइतकाच वेळ हे लोक मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्यांना देतात. तिथल्या छताचा निळा रंग अजून टिकून आहे. भुताखेतांना दूर ठेवायला तो लावत, अशी इथल्या गीची लोकांची, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची, श्रद्धा. पाणी कुणी भरलं, मूल कुणी सांभाळलं, कुणाला कधी विकलं, हे कागदपत्रांच्या आधारे सांगतात. याच शहराच्या वेशीवर मार्च १८५९ मध्ये दोन दिवसांच्या लिलावात चारशेहून अधिक माणसं विकली गेली, एका मालकाचं कर्ज फेडण्यासाठी. दोघंही गप्प होऊन बाहेर पडाल. पडू द्या.

पाय उरले असतील तर फ्रँकलिन स्क्वेअरवरचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च बघा. नसतील तर शहराची 'डॉट' ही मोफत बस धरा. रात्री भुतांच्या सहली निघतात, पायी, ट्रॉलीतून, अगदी शववाहिकेतूनही. करमणूक म्हणून जा, इतिहास म्हणून नको.

खायचं काय

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे: कोळंबी आणि ग्रिट्स, खेकडे, कालवं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या शिजवून केलेला मऊ प्रकार. वरून लोणी, चीज. एकदा तरी खा. तांबड्या भाताचा आणि चवळी-भाताचा वारसा पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचा. या किनाऱ्यावर भातशेती त्यांच्याच ज्ञानावर चालली.

शाकाहारी जोडप्यांनी मात्र प्रत्येक पदार्थामागं विचारावं. कोलार्ड ही पालेभाजी बहुधा डुकराच्या हाडासोबत किंवा स्मोक्ड टर्कीसोबत शिजवतात. तांबड्या भातात सॉसेज असतं. चवळीत बेकन असू शकतं. ग्रिट्स कधी चिकनच्या पाण्यात शिजवतात. 'मांस नाही ना' एवढं विचारून भागत नाही, 'कशात शिजवलंय' असं विचारा. बिनधास्त खाता येतं ते मॅकरोनी-चीज, पिमेंटो चीज आणि रस्त्याकडेला मिळणाऱ्या उकडलेल्या शेंगा. तळलेले हिरवे टोमॅटो फर्मास लागतात, पण ते कोळंबी तळलेल्या तेलातच तळलेले नाहीत ना ते विचारा. चहा मागितलात तर बर्फ घातलेला गोडमिट्ट 'स्वीट टी' येईल. आपला हवा तर 'हॉट टी' म्हणा, आणि मनाची तयारी ठेवा.

जोन्स स्ट्रीटवरचं मिसेस विल्क्स हे जेवणघर नावाजलेलं आहे. अनोळखी लोकांसोबत मोठ्या टेबलावर बसायचं, वाडगी एकमेकांकडे सरकवायची. फक्त दुपारी, फक्त कामाच्या दिवशी आणि रांग लावून, म्हणजे जमलं तर शुक्रवारीच. खास रात्रीसाठी द ग्रे: १९३८ च्या ग्रेहाउंड बस स्थानकात थाटलेलं, शेफ मशामा बेली यांचं. टेबल आठवडे आधी धरा. आइस्क्रीमला ब्रॉटन स्ट्रीटवरचं लिओपोल्ड्स, १९१९ पासूनचं. तिथली रांग रात्री उशिरा ओसरते. टिप १८ ते २० टक्के.

रविवार: कब्रस्तान, किल्ला, समुद्र

आता गाडी काढा. सकाळी बोनाव्हेंचर सेमेटरी. जोडीने कब्रस्तानात कसलं जायचं, असं वाटेल. पण विल्मिंग्टन नदीच्या काठी जुन्या ओकांखाली पसरलेली ही जागा इथल्या कुठल्याही बागेहून सुंदर आहे, आणि मोफत. वर्म्सलो या जुन्या मळ्याचा दीड मैलांचा ओकचा रस्ताही प्रसिद्ध आहे. दोन्हींपैकी एकच जमत असेल तर बोनाव्हेंचर.

मग यूएस-८० ने पूर्वेला फोर्ट पुलास्की. सुमारे अडीच कोटी विटांचा हा किल्ला अभेद्य मानला जाई. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याने समोरच्या टायबी बेटावरून, मैलभर अंतरावरून, नळीत आटे असलेल्या नव्या तोफांनी ३० तासांत त्याला भगदाड पाडलं. काही गोळे अजून भिंतीत रुतलेले दिसतात. किल्ला पडला आणि सव्हॅनाचा समुद्रमार्ग जवळजवळ बंद झाला. दक्षिणेची सगळीच बंदरं अशी आवळली गेल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांनी मोर्चा हिंदुस्थानाकडे वळवला. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्रात भर टाकून जमीन करायच्या बॅकबे योजनेच्या शेअरवर सट्टा खेळला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे शेटजीही त्यात बुडाले. त्यांच्या देणगीतला राजाबाई टॉवर मुंबईच्या फोर्ट भागात उभा आहे. म्हणून हा किल्ला तासाभरात उरकू नका. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथं चालतो.

पुढं काही मैलांवर टायबी बेट. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. मोठ्या उधाणाला यूएस-८० वर पाणी येतं आणि दुसरा रस्ता नाही. पार्किंगचे पैसे मोजावे लागतात आणि तपासणी कडक असते. दीपगृहाच्या १७८ पायऱ्या चढायच्या असतील तर सुट्टीचा वार आधी बघा. पाण्यात शिरायचं ते जीवरक्षक असतात तिथंच, बेटाच्या टोकांना पाण्याची ओढ जोरदार असते. वाळूच्या टेकड्यांवरचं उंच गवत तोडायला मनाई आहे. मे ते ऑक्टोबर कासवांच्या विणीचा काळ, तेव्हा रात्री किनाऱ्यावर टॉर्च लावू नका.

अटलांटाला परतायचं असेल तर चारच्या आत टायबी सोडा. आय-१६ वर अंधारात हरणं आडवी येतात. चार्ल्सटन जेमतेम दोन तासांवर आहे, तेही उरकून घेऊ असा मोह होईल. त्यासाठी वेगळा वीकेंड काढा.